पडदा शाबूत आहे

२ मार्च
आतड्याच्या पेशी पेरल्या. बारा छोटे कप, प्रत्येकाच्या तळाशी बारीक जाळी. जाळीवर पेशींचा पडदा धरायला तीन आठवडे. मग वरून माझं औषध टाकायचं आणि खाली किती उतरलं ते मोजायचं. उतरलं की थीसिस संपला. सात वर्षं झाली, कंटाळलो.
संकल्प: यावेळी घाई नाही.

४ मार्च
पेशींना दिवसाआड नवं मीडियम, म्हणजे त्यांचं पातळ खाणं, लागतं. जुनं पिपेटने ओढायचं, नवं घालायचं. टोक जाळीला लागू देऊ नका, असं माझ्या गाइड मॅडमनी बजावलं. जणू मी कालच लॅबमध्ये आलोय.

८ मार्च, रविवार
लॅब. बायको म्हणाली, पेशींचे लाड करतोस तसे घरच्यांचेही कधी कर. औषध पोटातून रक्तात जाणं किती अवघड असतं, हे तिला रात्री समजावलं. ती झोपली होती.

१४ मार्च
टोक एक-दोनदा लागलं असेल. हात थकतो. पेशी जिवंत आहेत, बुजवतील भोक.

२२ मार्च, रविवार
पडद्याला भोक नाही ना, हे बघायला विजेचा रोध मोजतात. मीटर डिस्चार्ज. चार्जर खालच्या मजल्यावर. माझ्या पेशी मी नजरेने ओळखतो. पडदा शाबूत आहे.

२३ मार्च
औषध टाकलं. दुपारपर्यंत जवळजवळ सगळं खाली! बायकोला फोन केला: थीसिस झाला, एप्रिलमध्ये फिरायला जाऊ, तिकिटं काढ. ती नुसतं बरं म्हणाली. तिकिटं बघायच्या घाईत असावी.

२४ मार्च, सकाळ
मॅडमना आकडे दाखवले. कौतुक नाही. मत्सर, दुसरं काय. एक पिवळा रंग दिला. चांगल्या पडद्यातून तो जवळजवळ उतरतच नाही म्हणे. त्याच कपांत टाकून बघा म्हणाल्या. टाकतो, त्यांच्या समाधानासाठी.

संध्याकाळी
रंग दहा मिनिटांत खाली. बाराही कपांत. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "अहो, यातून चहासुद्धा गाळता येईल."

२५ मार्च
पुन्हा पेशी पेरल्या. पुन्हा तीन आठवडे, दिवसाआड, म्हणजे एप्रिलचं फिरणं गेलं. जेवताना कसंबसं बायकोला सांगितलं. ती चिडली नाही. भाजी वाढत म्हणाली, "वाटलंच होतं मला. तिकीट मी एकच काढलंय."