सदाचार नगरचा पहिला रहिवासी

४ जानेवारी १९८७
धुळ्यातलं भाड्याचं घर सोडलं. देवपूरच्याही पुढे, उखर्डू पाटलाच्या कापसाच्या वावरात पडलेल्या प्लॉटवर आता स्वतःचं घर. आजूबाजूला एकही बिऱ्हाड नाही. म्हणजे कॉलनीचा पहिला नागरिक मी. जबाबदारी मोठी. कुंदाने विचारलं, पाणी कुठून आणायचं? बायकोला दूरदृष्टी नाही.

५ जानेवारी
पाणी उखर्डूच्या विहिरीचं. कुंदाने आणलं. मी कॉलनीचं नाव ठरवलं : सदाचार नगर. बोर्ड रंगवायला टाकला.

१५ मार्च
घरं भराभर उठतायत. गच्चीवर सभा घेतली. शेजारचे सुकदेव मास्तर आले. आणखी एक जण शिडी मागायला आला होता, त्यालाही बसवून घेतलं. अध्यक्षपदी माझी एकमताने निवड. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. कुंदा म्हणते, डास मारत होते.
रिक्षावाले अजून ‘उखर्डूचं वावर’च म्हणतात. सुधारतील.

१२ एप्रिल
समोरचं तयार होत आलेलं घर कय्युम बांगडीवाल्याने घेतलं. त्याच्या हितासाठीच जाऊन भेटलो. म्हटलं, तुम्हाला गावात, आपल्या लोकांतच बरं पडेल. तो म्हणाला, “साहेब, तिथे एका खोलीत सगळं घर. इथे पोरांना हवा तरी मिळेल.” त्याची बायको कनीज सरबत घेऊन आली. घेतलं नाही. पोटाचं कारण सांगितलं. इशारा पुरेसा आहे.

३ मे
कय्युम राहायला आला. इशारा कळला नसावा. साधी माणसं.

११ मे
सोनगीरहून मायला आणलं. रेशनकार्डात नाव घातलं : धुरपदाबाई. वडील गेल्यापासून तिथे एकटीच होती. सांगितलं : इथे शिकले-सवरलेले लोक आहेत. ओट्यावर बसायचं नाही, समोर जायचं नाही. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर ती समोरच्याच ओट्यावर, कनीजच्या बाळाला तेल चोळत होती. समज दिली. म्हणाली, “बठ्ठा लोक चांगला शेतस.” बठ्ठा म्हणजे सगळे. सगळे चांगले आहेत म्हणे. माझ्या मायला माणसांची पारख नाही.

७ जून
कॉलनीच्या मागून उखर्डूची जुनी गाडवाट जाते. बैल, शेण, कोण कुठले लोक. अध्यक्षाच्या अधिकारात सिमेंटचे खांब पुरून काटेरी तार ठोकून घेतली. सुकदेव मास्तर म्हणाले, पावसाळ्यात पुढचा रस्ता चिखलाने बंद होतो, तेव्हा हीच वाट लागेल. म्हटलं, डांबरासाठी अर्ज केलाय. जूनअखेर काम होणार. मास्तर निराशावादी आहेत.

२९ जून
डांबर नाही. काळी माती म्हणजे नुसता डिंक. स्कूटर अर्धी आत गेली. बूट हातात घेऊन ऑफिसात पोचलो. साहेब माझ्या पायांकडे बघत राहिले. आदर असावा.

१४ जुलै
दिवेलागणीला मायने सरपणात हात घातला आणि विषारी फुरसं चावलं. पुढच्या रस्त्यावर गुडघाभर चिखल. कय्युम धावत आला, मायला उचललं, मागच्या वाटेकडे पळाला. पलीकडे आरडाओरडा ऐकून उखर्डू बैलगाडी जुंपून उभा. मध्ये तार. मास्तर पक्कड आणेपर्यंत कय्युम नुसत्या हातांनी तार ओढत होता. तळवे फाटले. मी गर्दीला शिस्त लावत होतो. गाडीत कुंदा आणि कनीज बसल्या. मला जागा उरली नाही. ठेवली नाही, असंही म्हणता येईल.

१५ जुलै
माय वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा जरी आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. कय्युम दवाखान्याच्या बाकावर बसला होता, दोन्ही हातांना पट्ट्या. मोठ्या मनाने सांगितलं की तार तोडल्याची तक्रार करणार नाही.  तो उठून मायसाठी चहा आणायला गेला.

२६ जुलै
माय घरी आली. हात अजून सुजलेला. मी जेवायला बसलो तेव्हा एकच विचारलं, “तार काब लावी व्हती रे?” का लावली होती. मी सुरक्षितता, नियोजन, कॉलनीचं भवितव्य सगळं समजावून सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. झोप आली असावी.

१६ ऑगस्ट
कॉलनीची कमिटी स्थापन झाली म्हणे. अध्यक्ष सुनंदाबाई, मास्तरांची बायको. खजिनदार कय्युम. मला निरोपच नाही. कुंदा सभेला होती. तिने हात वर केला होता. कोणासाठी, ते विचारलं नाही.
तीव्र निषेध. अजून कोणाला कळवलेला नाही.

२३ ऑगस्ट
निर्णय झाला. इथली पातळी घसरली. नरडाण्याला कारखाने येतायत, तिथे नवी वस्ती होईल, तिला माझ्यासारखा माणूस लागेल. घरात जाहीर केलं. वाटलं, रडारड होईल. कुंदा म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, रविवारी येत जा. माय म्हणाली, “माले आठेच बरं वाटस. तू जाय.” आठे म्हणजे इथे. दोघी परत शेंगा सोलायला लागल्या.

१३ सप्टेंबर
नरडाण्याचं तूर्त लांबणीवर. घाई बरी नाही.
आज कॉलनीत नळ आला. उद्घाटनाला मांडव, लाउडस्पीकर. न जाण्याचा निश्चय करून घरात बसलो. सुनंदाबाई बोलल्या, टाळ्या पडल्या. या वेळी डास नव्हते. शेवटी गेलो. माझं नाव पुकारतील, तेव्हा समोर असलेलं बरं. पुकारलं नाही. मागे उभा राहिलो. एक गृहस्थ पेढे वाटत आले. गेल्याच आठवड्यात राहायला आलेत. त्यांनी विचारलं, “कुठलं घर आपलं?” मी बोट दाखवलं.
“अच्छा, धुरपदाबाईंचं! पाहुणे का आपण त्यांच्याकडे?”
माय पुढच्याच सतरंजीवर कनीजजवळ बसली होती. तिने ऐकलं. वळून पाहिलं. वाटलं, आता सांगेल. तिने बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि पुन्हा नळाकडे बघायला लागली.
मी हो म्हणालो.