गुरुवारच्या बोर्डावरची तिसरी ओळ

आदरणीय आणि तरीही लाडक्या वहिनींना, शिडीवरून उतरलेल्या दिराचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा रक्तदाब आणि आवाज दोन्ही ताब्यात असतील, अशी आशा आहे. (हे वाक्य त्याला वाचून दाखवू नका.) मी ठणठणीत आहे, आणि इतका खूश आहे की मघाशी चहाचा चमचा रंगाच्या डब्यात बुडवला.

तर झालं असं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बोर्ड रंगवायला बोलावलं. दर गुरुवारी मोकळेपणानं आरोग्य सल्ला आणि तपासणी, असा मजकूर, आणि खाली कुणाकुणासाठी त्याच्या तीन ओळी. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, आणि तिसरी ओळ, दोघांवरही जीव जडतो ते बायसेक्शुअल. आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. 'आरोग्य' शब्दाला असा काही डौल आला की मी हात सैल सोडला, आणि दुसरी ओळ संपेपर्यंत बोर्डही संपला. वीस वर्षांचा पेंटर, आणि आधी खडूनं आखून घ्यायला विसरला! (हे मात्र दादाला खुशाल सांगा, आठवडाभर हसेल.) मग चूक झाकायला मी उलट बाईंनाच अक्कल शिकवली. म्हटलं, तिसरी ओळ गाळू या, ती माणसं वरच्या दोन्हींत कुठंतरी बसतीलच की.

बाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांना सगळीकडे हेच ऐकवतात. म्हणून ती डॉक्टरला निम्मीच गोष्ट सांगतात, आणि आम्ही निम्माच इलाज करतो."

वहिनी, आपला वायरमन पाच वर्षं माझ्याबरोबर राहिला, तेव्हा तुम्ही एका शब्दानं काही विचारलं नाहीत, फक्त डबा दोघांचा पाठवत राहिलात. तो परगावी कायमचा निघून गेला आणि माझी झोप उडाली, तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं, कामाचा ताण आहे. आणि तोच मी, स्वतःच्या हातानं स्वतःची ओळ गाळायला निघालो होतो! मला राहवेना. शिडीवरूनच ओरडलो, "बाई, त्या तिसऱ्या ओळीतला मीच आहे!" इतक्या मोठ्यानं, की बाकावरचे सगळे पेशंट माना वर करून बघू लागले. कंपाउंडरनं एकाची गोळी दुसऱ्याच्या हातात दिली (लगेच परत घेतली, काळजी नसावी). मी वर, हातात ब्रश, आणि पळायला जागा नाही. तेवढ्यात बाकावरचे एक आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "मग पोरा, स्वतःची ओळ तरी नीट काढ!"

मी अख्खा बोर्ड टर्पेंटाईननं पुसला. खडूनं आखून पुन्हा काढला. आता तिसरी ओळ रस्त्यापलीकडून वाचता येते, मी चार वेळा पलीकडे जाऊन बघून आलो. आणि गुरुवारी पहिला नंबर माझाच! बाईंनी सगळं इतकं सरळ विचारलं, जसं काही खोकला सुका आहे की ओला. मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, सगळं. बाहेर आलो तेव्हा भर रस्त्यात नाचावंसं वाटलं. (थोडा नाचलो.)

दादाला नमस्कार, आणि मुलांचे गाल माझ्या वतीनं तुम्हीच ओढा.

तुमचा,
रंगानं बरबटलेला धाकटा दीर

ता.क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. आमच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक आहे. माझा तिच्यावर जीव जडला आहे, आणि तिचाही माझ्यावर. तिला वायरमनसकट सगळं सांगितलं आहे. रविवारी तिला घेऊन जेवायला येतोय. विनंती एवढीच, की आनंदाच्या भरात "चला, एकदाचा मार्गाला लागला" असं म्हणू नका. मी आधीही मार्गावरच होतो.

ता.क. आणखी एक. तुमच्या कपाटावर माझा आणि वायरमनचा फोटो आहे. पाहुणी येणार म्हणून तुम्ही तो माझ्या काळजीपोटी गुपचूप आत ठेवाल, मी तुम्हाला ओळखतो. ठेवू नका. तिला तो बघायचा आहे, आणि मलाही तो तिथंच दिसायला हवा आहे.