तीन कॅमेरे, एक खटका

सोमवार, ६ जानेवारी १९५८

एक खटका दाबला की तीन कॅमेरे अगदी एकाच क्षणी सुरू होतात का? खरं सांगायचं तर मला माहीत नाही! गिरणीत विणकरांच्या कामाचं चित्रण करवून घेणाऱ्या रेले साहेबांना दिवसभर 'हो, हो' म्हणत राहिले. प्रत्येक मोटर वेग घ्यायला वेगळा वेळ लावते. तिन्ही रिळं नंतर शेजारी शेजारी बघायची, तर क्षण जुळायलाच हवा. नाहीतर विणकराचा डावा हात एका वेळचा आणि उजवा भलत्याच!

जमेल. उगीच बी.एस्सी. झाले नाही.

मंगळवार, ७

जमलं! मधल्या खांबावर लाल दिवा लावला, तिन्ही कॅमेऱ्यांना दिसेल असा. मोटरी वेगात आल्या की दिवा लागतो आणि चित्रण संपेपर्यंत जळतो. रिळात दिवा दिसला, की तिथून मोजायचं. रेले साहेब म्हणाले, "डोकं आहे हो तुम्हाला!" त्या 'हो'मधलं आश्चर्य मला बरोबर कळलं. असू दे.

बुधवार, ८

बाबांनी विचारलं, "साळखात्यात आत जाऊ दिलं तुला?"

बाबांची तीस वर्षं गिरणीत गेली, सगळी सूत कातायच्या रिंग खात्यात. साळखात्यात माग चालवायला आपल्या लोकांना घेत नसत. धोट्यातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागतो — आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्या जातीचा कोण घेणार!

"आतच असते, बाबा."

"बसतेस कुठे?"

"माळ्यावर. काचेच्या केबिनमध्ये. खाली सगळे माग आणि माझ्या हाताशी खटका."

बाबा हसायला लागले ते थांबेचनात.

शुक्रवार, १०

मागांच्या गदारोळात कोणाचं काही ऐकू येत नाही, सगळे खुणांनी बोलतात. म्हणून मागावरचा लवू जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली येऊन उभा. कोरा शर्ट, छातीवर संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला.

"बाय, चित्र बरां येऊदे हां! आवस बघतली."

"अहो, हे सिनेमात नाही यायचं, आईला कुठून दिसणार, लवूभाऊ."

"नाय कशाक? मुंबई महाराष्ट्राची, तर मुंबैचो विणकर दिसाक नको?"

मी हसले.

शनिवार, ११

रिळं पाहिली. दिवा लागला की लवूचे हात नुसते पळतात! सगळ्यांचेच. तंबाखू नाही, शेजाऱ्याशी खुणा नाहीत, घाम पुसणं नाही. तुटलेला दोरा डोळ्याचं पातं लवेपर्यंत जोडलेला. बघत राहावं असं काम.

रेले साहेब खूश. "बघा! दोन माग सांभाळून माणूस निम्मा वेळ मोकळा. चार सहज चालवील."

"मग उरलेली माणसं?"

"तो आपला विषय नाही."

मला वाटलं होतं, यांची दमणूक कशी कमी होईल ते आपण शोधतोय! विचारलंच नव्हतं मी. आणि लवू बिचारा आईसाठी धावत होता.

म्हटलं, "साहेब, दिवा दिसतो म्हणून धावतात ते. आठ तास असं कोण धावेल?"

"मग दिवा झाका. त्यांना कळू न देता घ्या. सोमवारपासून."

रविवार, १२

बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले — "नोकरी जाईल." आणि पुढे — "तुला काय वाटतं ते सोड. तुला नक्की ठाऊक काय आहे?"

ठाऊक आहे की आत्ताचा आकडा खोटा आहे. ज्याला मोजायचं त्याला सांगून मोजावं, चोरून नाही. रेले साहेब म्हणतील, कळलं तर विणकर मुद्दाम हळू काम करतील. करू देत! पंधरा दिवस रोज चित्रण घेऊ. एवढे दिवस सोंग कोणालाच जमत नाही.

सोमवार, १३

पाळी सुरू व्हायच्या आधी तिन्ही कॅमेऱ्यांखाली पाट्या टांगल्या. खडूने, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत — 'एका माणसाला चार माग देता येतील का, हे मोजण्यासाठी हे चित्रण होत आहे.' खाली माझं पूर्ण नाव.

तोच मजकूर कागदावर लिहून, सही करून, रेले साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे.