मधल्या पायरीवरून दिसणारी गल्ली

मास्तर, मी बोलतेय आणि नात लिहून घेतेय. मला अक्षर आलंच नाही, तेव्हा वर बसल्या बसल्या कपाळाला हात लावू नका. राहुरीजवळच्या तुमच्या मिशनच्या शाळेत मी यायची ती अंगण सारवणाऱ्या आईच्या मागं, पाटी धरायला नव्हे. तरी नाताळच्या नाटकात तुम्ही मला घेतलंत. का, तर बुटकी म्हणून!

लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, म्हणून नाटक दिवसाउजेडी करायचं ठरलं. ओढ्याच्या उतारावर तुम्ही अर्धगोल पायऱ्या खोदून घेतल्यात आणि आईनं त्या सारवल्या. सारवताना तिनं विचारलं, "मास्तर, ह्ये कुनाचं खूळ?" तुम्हाला तेवढंच हवं असायचं. "रोमच्या लोकांचं, बाई. पुढं शेकडो वर्षांनी इटलीवाल्यांनी त्यांची जुनी पुस्तकं उघडली, तसल्याच पायऱ्या छपराखाली बांधल्या, वर आभाळ रंगवलं, आणि रंगमंचावर लाकडाच्या गल्ल्या उभ्या केल्या." आई म्हणाली, "आभाळ झाकलं आन् पुन्ना आभाळच काढलं? लई रिकामे हुते म्हना की."

तुमची गल्ली गोणपाटाची, चुन्यानं आणि गेरूनं रंगवलेली. पुढची घरं उंच, मागची लहान लहान होत गेलेली, जमीनही मागं चढवलेली. तालमीत राजा झालेला थोराड पोरगा मागं गेला, तर त्याचं डोकं मागच्या घराच्या धाब्याच्या वर निघालं. म्हणून तिथं मी उभी राहायचं, दाढी लावून, लांबचा म्हातारा होऊन. "पुढं आलीस तर गल्ली मोडेल, पोरी," तुम्ही बजावलंत. मला गल्लीचं काय? आईनं मला नाटकात बघावं, एवढंच हवं होतं. तरी मी हलले नाही. नाटक संपलं तशी आई म्हणाली, "तू हुतीस कुठं? डोळे दुखले शोधून. आन् ती गल्ली तर पार वाकडी!" ती बसलेली अगदी कडेला, बायकांत. मी भोकाड पसरलं, ते तुमच्यापर्यंत पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आईला मधल्या पायरीवर, पाद्रीसाहेबांच्या जागी बसायला सांगताय. ती बसेना. "मला न्हाई शोभत." तुम्ही म्हणताय, "इटलीत ही जागा राजाची, बाई. गल्ली सरळ दिसते ती इथूनच. बसा." ती पदर सावरून टेकते. मी दाढी लावून मागं उभी. "आगं बाई, केवढी लांब गल्ली! पन माझी पोर कुठं हाय?" तुम्ही मला हातानं खुणावता, ये पुढं. मी तशीच उभी. तुम्ही पुन्हा खुणावता, मग ओरडता, तेव्हा कुठं मी चालत येते आणि आई तोंडावर हात धरून हसते.

नात विचारतेय, पत्ता काय घालू? काही घालू नको म्हटलं, फक्त एवढं लिही. मास्तर, तुमची पहिलीच खूण मला दिसली होती. आई राजाच्या जागेवर बसून, मान उंच करून मला शोधत होती. मला तिला तसं अजून जरा बघायचं होतं.