पुढचं वाक्य ऐकू येत नाही

४ नोव्हेंबर, शिनोली
सोमवारच्या सुनावणीसाठी सुरुवात लिहिली: "धरणात गाव गमावलेल्या माझ्या भावाबहिणींनो, आपल्याला दिलेला शब्द कागदावर कधी आलाच नाही." बरी आहे. पण शब्द दिला होता याला पुरावा एकच, धरणग्रस्तांच्या जुन्या सभेची कॅसेट. धरणात घर गेलेल्या यमुनाकाकूंच्या नव्या घराच्या जागेबद्दल पुनर्वसनाचे साहेब मंचावरून बोलले होते. काय बोलले, ते लिहून काढायचं. जुन्नरच्या साउंडवाल्या इक्बालभाईंनी कॅसेटवरचं सगळं फोनमध्ये घालून दिलं.
लेकीचा मोठा हेडफोन लावला. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

५ नोव्हेंबर
हेडफोनला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो का, दिवसभर वाचलं. निम्मे म्हणतात लागतोच, निम्मे म्हणतात दुकानदारांचा धंदा. मी ‘धंदा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा. नसलेली गरज तयार करणारा बाजार, वगैरे. यावर पाऊण तास सहज बोललो. ऐकायला आमची ही एकटीच होती, तीही भाजी निवडायला उठून गेली.

६ नोव्हेंबर
जुन्नर. इ.भाईंपुढे तेच भाषण. त्यांनी शांतपणे संपू दिलं.
"भाऊ, ह्यो स्टुडिओतला हेडफोन हाय, तीनशे ओहमचा. फोनचा जीव केवढा? बारका इयरफोन वाजवील त्यो, ह्याला न्हाई रेटायचा." मग हसायलाच लागले. "इतकी वर्षं तुमचा माईक लावतोय. तुमाला कधी अ‍ॅम्प लागला न्हाई, आन् तुमच्या हेडफोनला लागला!"
त्यांच्याकडची अ‍ॅम्पची डबी घेऊन आलो. वाद हरलो. नारायणगावच्या जीपमध्ये झोप लागली.

७ नोव्हेंबर
डबी जोडली. फरक आहे, मान्य. पंख्याची घरघर, कुणाच्या तरी तान्ह्याचं रडणं, साहेबांचं खाकरणं, सगळं कानाशी. "यमुनाबाईंच्या घराच्या जागेचं म्हणाल तर..." आणि त्याच्यावर घोषणा. मग टाळ्या, मग चहाचे कप.
घोषणा माझी. आवाज वाढवला की मीच वाढतो.
काकूंना बोलावून ऐकवलं. हेडफोन काढून म्हणाल्या, "तुमीच बोलताय की." रागावल्या असत्या तर बरं. "देतो म्हनला व्हता सायेब. मला आठवतंय."
मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हतो, पुढचा मुद्दा जुळवत होतो.

८ नोव्हेंबर
इ.भाईंना फोन. माझा आवाज तेवढा कमी करता येईल का?
"सायबाच्या हातातला माईक तुमीच वढला व्हता, भाऊ. त्यांचं पुढलं टेपात आलंच कुठं?"
तुम्ही समोर होतात, काय म्हणाले साहेब?
"मी तुमचा आवाज सेट करीत व्हतो, राव."
काकूंकडे दुसरा कागद नाही. जागा नाही मिळाली तर दिराच्या पडवीतच राहायचं.

९ नोव्हेंबर
सुरुवात खोडली. दुसरी सुचत नाही. धरणग्रस्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एवढंच टाकलं:
त्या सभेला पुढच्या रांगेत बसलेल्यांनो, यमुनाकाकूंच्या जागेबद्दलचं साहेबांचं वाक्य माझ्या ओरडण्यात गेलं. चूक माझी. उद्या सकाळी दहा वाजता शिनोलीला माझ्या घरी या, स्वतःच्या कानांनी जे ऐकलंत तेवढंच लिहून द्या आणि खाली सही करा.