वाळूवरचा कॅम्प आणि गहाणेसाहेबांचे धोतर

मार्कंड्यापासून हाकेवर,
वैशाख वद्य प्रतिपदा, सन १९५७

तीर्थस्वरूप सौ. रुखमाबाई हिच्या चरणी धाकटा भाऊ गुणवंत याचे डोके, आणि डोक्यामागोमाग सगळ्या घरादाराचा नमस्कार. आम्ही सारे इकडे ठीक आहोत. ऊन असे आहे की धानाच्या बांध्या तापून तव्यासारख्या झाल्या आहेत. तुझा उजवा गुडघा धरला आहे की डावा, हे मागच्या पत्रावरून नीट कळले नाही, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. भावजींचा खोकला थांबला असेल. (थांबला नसेल तर विडी थांबवा. हे मी म्हटले असे त्यांना सांगू नकोस.)

पत्रास कारण की, तू पाठवलेले स्थळ येऊन गेले. म्हणजे तुझ्या नागपूरच्या गल्लीतले एल. के. गहाणेसाहेब, मिलिटरीच्या हिशेब खात्यातून पेन्शन घेतलेले, आमची मैना पाहून गेले. त्यांचा मुलगा दौलत शिवरात्रीच्या जत्रेला तुझ्यासोबत आला होता, तेव्हा त्या दोघांची नजरानजर झाली होती हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्यानंतर तो दुसरीकडे मुलगी पाहायलाच जात नाही असे तूच लिहिलेस. इकडे आमची मैना मोटारीचा भोंगा वाजला की झाडलेले अंगण पुन्हा झाडते. म्हणजे मुलाचे ठरले, मुलीचे ठरले, आता राहिले फक्त ज्यांना नांदायचे नाही त्यांचे. त्यातही खरी अडचण गहाणेबाईंची. त्यांना सून हवी सीताबर्डीवरची, आणि आमच्या मुलीच्या पायाला म्हणे जंगलाची माती. (जंगलाची माती धुता येते, बर्डीची धूळ धुतली जाते की नाही ते तुम्ही तिकडे राहता, तुम्हालाच माहीत.)

बाई, मला खरी भीती वाटत होती ती एकाच शब्दाची. तो शब्द म्हणजे ‘कळवतो’. आतापर्यंत जे जे पाहायला आले ते पोहे खाऊन, चहा पिऊन, सुपारी कातरत ‘घरी विचारून कळवतो’ म्हणाले आणि जे गेले ते गेले. मागच्या वेळी तर मैनाने कपबशा उचलताना मला विचारले, “बाबा, हे लोक कळवतो म्हणतेत, मंग कळवत काऊन नाई?” मी गोठ्यात गेलो आणि बैलाशी उगाच भांडलो. पोरगी हसून विचारते, पण तिचे हसणे आता पहिल्यासारखे राहिलेले नाही. म्हणून या वेळी मी मनाशी ठरवले की काय वाट्टेल ते होवो, पाहुणा खूश होऊनच गेला पाहिजे.

गहाणेसाहेब आले ते कोट, टोपी आणि छत्री या थाटात. शुद्ध पुस्तकी बोलतात. नावातल्या एल.चा अर्थ विचारला तर ‘एल म्हणजे एलच’ म्हणाले. माजघरात बसले, पंख्याने वारा घेतला, आणि जोधपूरच्या गोष्टी काढल्या. तिकडे ते तीन वर्षे होते. तिथले बडे लोक म्हणे संध्याकाळी वाळवंटात तंबू ठोकतात, उंटावर बसून जातात, हौदात पोहतात, वाळूवर जेवतात आणि नाचगाणे पाहतात. याला कॅम्प म्हणतात. “आणि तुम्ही गुणवंतराव,” असे म्हणून त्यांनी खिडकीतून वैनगंगेकडे छत्री दाखवली, “एवढी वाळू दारात असून घरात घाम गाळीत बसता.” मी लगेच म्हणालो, आज संध्याकाळीच आपला कॅम्प. बोलून गेलो आणि मग घाम आला.

कारण कॅम्प म्हणजे काय हे गावाला कसे सांगावे? मी सांगितले, पाहुण्यांसाठी नदीवर तंबू हवा. तंबू कोणी पाहिलेला नाही, म्हणून चार पोरांनी जांभळीचे डहाळे तोडून मांडव घातला. मी म्हणालो, जेवण हवे, जरा खास. खास म्हणताच तुझ्या भावजयीने, गोकुळेने, कणकेचे सरगुंडे आणि आंब्याचा रस काढला. (आपल्याकडे सरगुंडे व्याह्यांच्या जेवणाला होतात ते तुला सांगायला नको. पण मी अडवले नाही, कारण मला आवडतात.) मी म्हणालो, नाचगाणे हवे, तर इस्तारीने आपल्या गड्यांच्या सोंगानाचाची दंडार तयार ठेवली, वर ‘पाहुणे नागपूरचे हायेत’ म्हणून वाजंत्रीही बोलावली. दुपार कलेपर्यंत वाळूवर मांडव, आंब्याच्या पानांचे तोरण आणि सनई असे सगळे उभे राहिले. मी पाहून म्हणालो, अरे हा कॅम्प आहे. शेजारचा वारलू म्हणाला, “हो जी, कॅम्पच. पण नवरदेव कुठी हाय?”

उंटाचाही प्रश्न होता. उंट आपल्या तालुक्यात नाही. वारलूकडे हल्या आहे, काळा रेडा, उंची जरा कमी, पण स्वभाव गंभीर. त्याच्या पाठीवर घोंगडी टाकली. गहाणेसाहेबांनी त्याच्याकडे पाहिले, त्याने साहेबांकडे पाहिले, आणि दोघांनीही फार उत्साह दाखवला नाही. पण ऐट म्हणून साहेब बसले. कोट आणि टोपी त्यांनी माझ्याजवळ दिली हे एक बरे झाले. कारण वैशाखातला तहानलेला हल्या आणि समोर नदी, यांच्यामध्ये हिशेब खाते काय करणार? तो वाळूवरून जो निघाला तो थेट डोहात गेला आणि मधोमध शांतपणे बसला. तेव्हा साहेबांचे जोधपूर, त्यांची पुस्तकी भाषा आणि त्यांची टोपी असे सगळे काठावर राहिले, आणि पाण्यातून आवाज आला, “अरे बापा, हल्या बसला नं जी! धरा नं कोणी मले!”

बाई, ती भाषा ऐकून सगळा काठ एकमेकांकडे पाहू लागला. हे आपल्याच झाडीपट्टीतले माणूस! आम्ही धरायला धावलो तर ते हात मारीत डोहाच्या पलीकडे. काय पोहतात म्हणून सांगू! लहानपणी याच नदीत, वरच्या गावी पोहत होतो म्हणाले. परत आले, ओले धोतर सोडले, ते स्वतःच वाळत घालतो म्हणाले. मी हात पुढे केला तर ‘राहू द्या हो’ म्हणून पोचू ढिवराच्या डांगरवाडीच्या, म्हणजे वाळूतल्या खरबूजवेलांच्या, मागे स्वतः घेऊन गेले. मग लंगोटावर पुन्हा पाण्यात. पोचूने एक डांगर पाण्यात फेकले, ते त्यांनी बुडी मारून धरले आणि पोरासारखे ओरडले. पेन्शनीतला माणूस इतका आनंदी मी प्रथमच पाहिला.

आता यापुढचे नीट वाच. यात कोणाचाही हात नाही, सगळे आपोआप घडले. साहेब पाण्यातून बाहेर आले तेव्हा धोतर नव्हते. डांगरवाडीच्या मागे नुसती वाळू, आणि जवळ आमची तांबडी गाय रवंथ करीत उभी. गोकुळा म्हणाली, “हिनंच खाल्लं जी, हिले कापडाची सवय हाय.” मी म्हणालो, हो, लहानपणापासून. आता पाहुण्याला लंगोटावर कसे जेवायला बसवावे? योगायोग असा की सरगुंड्यांच्या टोपल्यावर झाकायला एक कोरे धोतर होते, रेशीमकाठी. (झाकायला रेशीमकाठी का, असे तू विचारशील. घाईत हाती तेच लागले असेल.) ते साहेबांनी नेसले. अगदी आखून दिल्यासारखे बसले.

सूर्य पलीकडच्या काठाला टेकला आणि पंगत मांडवात बसली. वाळूवरच्या जेवणात घासाघासाला वाळू लागते हे जोधपूरवाल्यांनी सांगितलेच नव्हते. पण साहेबांनी सरगुंडे चार वेळा मागून घेतले आणि “माही माय असेच करे” म्हणून ताट बोटाने पुसून खाल्ले. मग वैशाखी पुनवेचा चंद्र वर आला आणि दंडार उभी राहिली. इस्तारी लुगडे नेसून आला, मिशा असूनही बरा दिसत होता. गण झाला की मानाच्या पाहुण्याच्या कपाळी गंध लावून मांडीवर नारळ ठेवायचा ही दंडारीची रीत. तशी ती त्याने पाळली आणि विचारले, “पाहुण्याचं नाव काय म्हणाचं जी?” साहेब म्हणाले, एल. के. इस्तारी म्हणाला, हे गाण्यात बसत नाही. तेव्हा साहेब खाली पाहून म्हणाले, “लटारू.” सगळ्या वाळूवर ‘लटारूजी, लटारूजी’ असा गजर झाला.

तुला देवकाबाई आठवते. अजून आहे, डोळ्यांनी अधू पण कानांनी तिखट. ती पुढे बसली होती. तिने मांडव चाचपला, वाजंत्री ऐकली, सरगुंडे खाल्ले. मुलाचा बाप मुलीच्या घरचे कोरे धोतर नेसलेला, कपाळी गंध, मांडीवर नारळ, समोर सगळे गाव साक्षीला. आणखी काय राहते? ती काठी टेकीत उठली आणि म्हणाली, “काऊन गा, साक्षगंध होऊन राह्यलं अन् साखर कोणी वाटत नाई?” हा साखरपुडा नव्हे असे समजावायला मी तोंड उघडले, पण गावाला साखर हा शब्द ऐकू गेला होता. साखरही तिथेच होती. (रसात घालायला आणली होती. जरा जास्तच आली होती.)

गहाणेसाहेब उठून उभे राहिले. मांडवाच्या खांबाआड मैना उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. आता या माणसाच्या तोंडून तोच शब्द येणार हे आम्हा दोघांना कळून चुकले. साहेबांनी तोंड उघडले, ‘क’ म्हणाले, आणि देवकाबाईने त्यात साखरेची मूठ कोंबली. ते काही काळ चघळत राहिले. मग गिळली. गावाने वाजंत्री वाजवली. मैना पाया पडायला आली, तर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो लवकर काढलाच नाही. मी रडलो, ते तुझ्यापासून काय लपवू?

आज सकाळी ते गेले. जाताना मोटारीपाशी मला बाजूला घेऊन पुन्हा पुन्हा विचारीत होते, “गाईनंच खाल्लं नं गुणवंतराव? घरी सांगाले लागते.” मी छातीवर हात ठेवून गायच म्हणालो. तर म्हणाले, तिला काही बोलू नका, गरीब जनावर आहे. इतका भला माणूस, आणि आमच्या अडाणी गावाने त्याला असे अडकवले. मला फार वाईट वाटते. तरी तू त्यांना भेटलीस तर आमच्या वतीने माफी माग, आणि झाले ते अनवधानाने झाले असे सांग. थोरांना दंडवत, लहानांच्या पाठीवर थाप.

तुझाच,
गुणवंत

ता. क. माफी सावकाश मागितलीस तरी चालेल, आधी हे कर. मोटारीच्या कंडक्टरबरोबर, मुखरूबरोबर, हे पत्र आणि साखरेचे एक पुडके पाठवतो. साहेब वाटेत ब्रह्मपुरीला बहिणीकडे चार दिवस मुक्काम करणार आहेत, म्हणजे पत्र आधी पोचेल. ते पोचण्याच्या आत सगळ्या गल्लीत साखर वाट. पहिली चिमूट गहाणेबाईंना दे. ‘कसली?’ असे विचारायला त्या तोंड उघडतील, तेवढीच संधी आहे. गल्लीने साखर खाल्ली की मग त्यांनाही कळवायला काही उरत नाही.

ता. क. दुसरे, वद्य द्वितीया, सकाळ. मुखरूची मोटार काल बिघडली म्हणून पाकीट अजून उघडेच आहे, ते बरेच झाले. आत्ता पोचू ढिवर धोतर घेऊन आला. त्याच्या डांगराच्या वेलाखाली वाळूत पुरलेले सापडले. नीट चौपदरी घडी, कोपरे जुळवलेले, वर दगड, जशी मिलिटरीत कपड्यांची घडी घालतात तशी. बाई, खरे सांगतो, मला वाटत होते धोतर गोकुळेने लपवले, म्हणून मी तिला पाठीशी घालायला गाईवर ढकलले. गोकुळेला वाटत होते मी लपवले, म्हणून तिनेही गाईवरच ढकलले. आणि ज्याचे धोतर तो आमचे दोघांचे ऐकून घेत, रेशीमकाठी नेसून, साखरेसाठी तोंड उघडून उभा होता! धोतर मैनाने स्वतः धुऊन पुडक्यात घातले आहे. गहाणेबाई घरी नसतील तेव्हा लटारूजींच्या हाती दे आणि काही बोलू नकोस. कोणी विचारलेच तर गाईने खाल्ले. त्या बिचाऱ्या तांबडीला आम्ही दोन दिवस उगाच बोल लावले. आज तिला सरकी जास्त घातली, आणि मैनाने तिच्या कपाळाला कुंकू लावले.