देवाजीचं भय आणि तुझा ताप

प्रिय प्रभाकर,

परवा मी दवाखान्यात जाऊन आलो. कित्येक दिवस खोकत होतो आणि तुझ्यासारखाच घरात दडून बसलो होतो. परवा सकाळी शर्टाची बटणं लावताना धाप लागली, आणि एकदम तुझा इतका राग आला की तसाच निघालो. तो राग अजून उतरला नाही. म्हणून लिहून राहिलो.

देवाजीबद्दल तू मला किती वेळा सांगितलंस! माझ्या आधीचा तुझा सोबती. त्याला एचआयव्ही निघाला, दवाखान्यातल्याच कोणीतरी ते बाहेर सांगितलं आणि गावभर झालं. सालेकशाला घरच्यांनी त्याची खाट गोठ्यात टाकली. तो गेला तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात. तू लांब रेल्वे फाटकापाशी उभा राहिलास. पुढे गेला असतास तर तुझंही नाव निघालं असतं.

तेव्हापासून तुझ्या लेखी जगात एकच रोग उरला. त्या एका बाबतीत तू इतका जपायचास की मी वैतागायचो. आणि स्वतःची शुगर वाढली की हसायचास. "याच्यानं कोणी वाळीत नाही टाकत," म्हणायचास.

मग कोरोना आला. सौंदडला तुझ्या सायकल दुकानामागच्या खोलीत तू तापानं फणफणलास. मी अँब्युलन्ससाठी फोन लावायला गेलो, तर तू तो हिसकावलास.

"गाडी नोको बोलावू. कोणासंग राहते, कोणाले भेटला, सारं विचारतेत ते."

मी म्हणालो, "हा तो रोग नाही ना बाबा. हा साऱ्या गावाले होऊन राहिला."

"रोग दुसरा असंन. लोक तेच आहेत ना."

तुझा श्वास अडकायला लागला तेव्हा तुझ्या मोठ्या भावाला बोलावलं. गोंदियाच्या दवाखान्यात नर्सनं माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण? भाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाला, भाडेकरू. मला फाटकाबाहेर ठेवलं. दुसऱ्या दिवशी तू गेलास. आणायला उशीर केला, डॉक्टर म्हणाले. उशीर कोणी केला? देवाजीला गोठ्यात टाकणाऱ्यांनी केला. ते अजून मजेत आहेत. आणि तूही केलास! त्यांच्या भीतीपुढे माझी आठवण नाही झाली काय रे तुला?

परवा डॉक्टरीणबाईंना मी सरळ सांगितलं, पुरुषासोबत राहत होतो, तो कोरोनात वारला. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, खोकल्यातून रक्त पडते का? बस. बाकावरचे दोघं वळून पाहत होते. पाहू दे.

आज रिपोर्ट आला. टीबी आहे, एचआयव्ही नाही. ऐकून आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच चीड आली. फुप्फुस खराब झालं तरी चालते, पण ते नाव नको! तुझं भय माझ्यातही मुरलं आहे.

नवेगाव बांधचा रमेश, तोही आपल्यातलाच, तापानं पडला आहे. दवाखाना नको म्हणतो, कारणं सारी तुझीच सांगतो. उद्या मास्क लावून त्याच्या दारात जातो. शिव्या घालीन, भांडीन, पण त्याला उचलून गोंदियाला नेईन. आणि माझ्या गोळ्या एकही न चुकवता संपवीन. हे वचन. तुला माफ करण्याचं मात्र आज देत नाही.

तुझाच,
वसंता